वाडग्यातलं रक्त गोठलं का नाही?

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. झाडफूक करणाऱ्या मुअल्लिम खल्फानने सात वर्षांच्या रय्याच्या मानेला तोंड लावून चोखलं आणि वाडग्यात लालभडक थुंकला.

"बघा! पोरीचं रक्त पिणारा जिन्न! आठवड्यापूर्वी हिच्या चुलतभावाला थोबाडीत मारून गाल लाल केले, आता हिच्यात शिरलाय!"

बायकांनी श्वास रोखले. रय्या चुन्यासारखी पांढरी पडली होती.

मुअल्लिमचा हुकूम सुटला : सात दिवस मायलेकी बंद खोलीत. दवाखान्याची सुई टोचली, तर जिन्न पिसाळेल.

"आत्या, तिला रक्ताचा सिकलसेल आजार आहे, दवाखान्यात नेऊ द्या!" रय्याच्या आईने, झुवेनाने, सासूचे पाय धरले.

"गप गं! तुझ्याच पायगुणाने आलाय तो." थुरय्याने बाहेरून कडी घातली.

आत लोबानचा धूर कोंडलेला. खिडकीला गज. सकाळपर्यंत रय्याला उठून बसवेना. नुसती धापा टाकत होती. झुवेना दार बडवून थकली. बाहेरून एकच उत्तर : "अजून सहा दिवस."

हताशपणे तिची नजर मुअल्लिमने कोपऱ्यात ठेवायला लावलेल्या वाडग्यावर गेली. रात्र उलटली, तरी रक्त पाण्यासारखं हलत होतं. तिने बोट बुडवून चाखलं. आंबट! लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत.

दुपारी मुअल्लिम आल्यावर तिने वाडगा गजांतून बाहेर धरला. "आत्या, चाळीस ईदींचे बकरे पाहिलेत तुम्ही. रक्त रात्रभर पातळ राहतं? चाखा!"

थुरय्याने चाखलं.

"जिन्नानेच सरबत केलं त्याचं!" मुअल्लिम ओरडला. उघड्या तोंडात गालाआड लाल बोळा दिसला.

"मग गालात कापसाचा बोळा कशाला?" म्हणत थुरय्याने कडी काढली.

इस्पितळात रक्त चढवल्यावर रय्याने डोळे उघडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही पोरांना विषाणू एकच. हाडांच्या मगजात तांबड्या पेशी तयार होतात, ते काम तो आठवडाभर बंद पाडतो. भावाच्या पेशी चार महिने टिकतात, त्याचे नुसते गाल लाल झाले. सिकलसेलमुळे हिच्या जेमतेम पंधरा-वीस दिवस. म्हणून ही पांढरी पडली."

दहाव्या दिवशी रय्याच्या अंगात स्वतःचं रक्त बनू लागलं. मुअल्लिमने गावभर सांगितलं, "माझ्याच मंत्राने!"

झुवेना विहिरीवरच्या बायकांपुढे उभी राहिली. "आठवड्याने विषाणू आपोआप हटतो. तोवर तगलेली पोरं मुअल्लिम स्वतःच्या नावावर खपवतो. कडीमागे जी गेली, त्यांचं नाव तो कधी घेतो का? बायांनो, लेकराचा रंग उडाला, तर दार लावू नका. गाडी बोलवा."