लांब शिट्टी

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला शाल दिली, आणि मी त्यांची शिट्टी परत दिली नाही. सव्वीस वर्षं गळ्यात होती, आता काय परत द्यायची? तर बेटावर फिरायला गेलो तेव्हाही ती गळ्यात होतीच. धाकटी मला चिडवत होती, "ताई, इथे कुणाची रांग लावणार आहेस?"

"तुझी," मी म्हटलं.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायची, आणि सहल निघाली की माझ्याबरोबर यायची. रांगेच्या पुढे मी, शेवटी ती. मध्ये साठ-सत्तर मुलं. आमचं सगळं शिट्टीवर चालायचं. एक लांब शिट्टी वाजली की जिथे असाल तिथे थांबायचं. दोन आखूड वाजल्या की माझ्याकडे यायचं. आणि टुक-टुक-टुक अशी वाजत राहिली की मी जिकडे चालेन तिकडे चालत राहायचं, मध्ये कुणी स्वतःचं डोकं लावायचं नाही. सव्वीस वर्षांत माझं एक मूल हरवलं नाही. याचा मला गर्व आहे, आणि मी तो कधी लपवलेला नाही.

त्या दिवशी सकाळी ओहोटी होती. किनाऱ्यापासून वाळूचा एक पट्टा समुद्रात गेलेला, आणि त्याच्या टोकाला बसण्याजोगा काळा खडक. धक्क्यावरच्या नाववाल्याने आम्हाला हटकलं. "बाई, जायचं तर जा, पण पट्ट्याच्या सुरुवातीला तो पांढरा खांब आहे ना, त्याला पाणी लागायच्या आत परत या. पाणी इथे पुढून येत नाही, बाजूने येतं. कळायचं नाही तुम्हाला."

"अहो, मी अख्खी शाळा फिरवून आणलीय," मी म्हटलं. "मला नका शिकवू."

तो दोरीचा गुंता सोडवायला बसला. धाकटी मात्र वळून वळून खांबाकडे बघत होती. तिला पोहता येत नाही. मलाही येत नाही.

खडकावर पोहोचलो आणि लक्षात आलं की पाण्याची बाटली खोलीतच राहिली. ऊन रणरणत होतं. मी म्हटलं, "तू इथेच बस. जागची हलू नकोस. मी गेले नि आले."

गेले खरी. पण खोलीत बघते तर टॉवेल कालचेच, ओले. झालं! मी खाली जाऊन मॅनेजरला धरलं. त्याने धोबी आला नाही म्हणून सांगितलं, मी त्याला कामाची शिस्त म्हणजे काय ते सांगितलं. त्याने सरबत पुढे केलं, तेही मी पिऊन घेतलं. पाऊण तास गेला. टॉवेलापायी पाऊण तास! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

परत आले तर पांढरा खांब घोटाभर पाण्यात.

आधी मला वाटलं, मी चुकीच्या जागी आले. वाळूचा पट्टा दिसेचना. सकाळी जिथून चालत गेलो तिथे हिरवं पाणी सळसळत वाहत होतं. त्याच्या पलीकडे, लांब, वाळूची एक पिवळी रेघ उरली होती, आणि त्या रेघेवर माझी बहीण. खडकापासून बरीच अलीकडे, वाकून, हातात चपला घेऊन काहीतरी करत होती. शिंपले वेचतेय मूर्खासारखी, असं माझ्या मनात आलं. काही सुचेना. हाक मारली तर वाऱ्याने परत माझ्याच तोंडावर आणून टाकली. मग मी शिट्टी तोंडात धरली आणि होता नव्हता तेवढा श्वास लावून फुंकली. लांब. पुन्हा लांब. पुन्हा लांब.

तिने मान वर केली, मला पाहिलं, आणि ती थांबली. अगदी पाय जुळवून.

"अगं ये ना! थांबतेस काय!" मी ओरडले आणि पुन्हा फुंकली. ती तशीच उभी. पिवळी रेघ बारीक होत गेली, पाणी तिच्या पोटऱ्यांना लागलं, तरी ती हलेना. आणि मग मला कळलं मी काय वाजवतेय ते. देवा! मीच तिला तिथे उभी केली होती.

मी घाईघाईने दोन आखूड वाजवल्या. ती लगेच निघाली. सरळ, माझ्या दिशेने, त्या हिरव्या पाण्यात. गुडघा, मांडी, कंबर.

"थांबवा तिला!" मागून नाववाला धावत आला. "धार आहे ती! पाय उचलून नेईल!"

पुन्हा लांब शिट्टी. ती थांबली, कमरेएवढ्या पाण्यात, आणि एका बाजूला कलायला लागली. मी रडत होते. नाववाल्याने माझा दंड धरून मला हलवलं. "ऐका. इथे खाली खडक आहेत, नाव येत नाही. तिला मागे वाळूवर जाऊ द्या आणि मग डावीकडे चालू द्या. पट्टा तिकडे वळतो, तिकडे थोडा उंच आहे. ते बांबू रोवलेत ना, तिथवर आली की मी तिला उचलतो. पण सांगणार कसं?"

"मी सांगते," मी म्हटलं.

तो नावेकडे पळाला. मी आधी दोन्ही हातांनी तिला मागे ढकलल्यासारखं केलं. ती एकेक पाऊल मागे सरकली. मग मी किनाऱ्याने डावीकडे वळले आणि वाजवत सुटले, टुक-टुक-टुक. तीही वळली. मी इकडून, ती तिकडून, मध्ये ते पाणी. माझी साडी पायात येत होती, दम लागला होता, पण शिट्टी थांबवायची हिंमत नव्हती. शिट्टी थांबली की ही थांबेल, एवढंच डोक्यात. एकदा ती पडली. डोकं दिसेना, फक्त चपला धरलेला हात. तरी मी वाजवत राहिले, आणि ती उठली आणि चालायला लागली.

बांबूंपाशी पाणी तिच्या छातीला लागलं होतं. नाववाल्याने तिला काखेत हात घालून वर ओढली. मी किनाऱ्यावर मट्कन खाली बसले.

खोलीत तिला कोरडं केलं. टॉवेल बदललेले होते, घडी घालून ठेवलेले. तिचे दात वाजत होते. मी तिचे केस पुसत होते आणि राग, भीती, सगळं एकदम बाहेर आलं. "पाणी चढताना दिसत नव्हतं तुला? पाऊण तास काय शिंपले वेचत होतीस? निघून नाही येता आलं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच नवल वाटलं होतं.

"मी निघालेच होते, ताई," ती म्हणाली. "खांबाला पाणी लागलेलं दिसलं तेव्हाच निघाले. चपला काढायला वाकले, तेवढ्यात तुझी लांब शिट्टी वाजली." मग माझा हात धरून म्हणाली, "तेव्हा घोटाभरच होतं गं. पण म्हटलं, तुला काहीतरी दिसलं असेल."

मी तिचे केस कोरडे झाले तरी पुसतच राहिले.