सैल मूठ

तीस वर्षं नळ बसवण्यात गेलेली, त्यामुळे प्लंबरच्या लेखी 'सैल' ही शिवीच होती. सैल म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे गिऱ्हाइकाची बोलणी. आता त्याचीच लेक, कयाक शिकवणारी, तीन रविवार त्याच्या कानीकपाळी ओरडत होती, "मूठ सैल ठेवा, बाबा! पाना नाहीये तो, वल्हं आहे."

"सैल धरलं तर निसटेल."

"नाही निसटत. हातांनी ओढू नका. पातं पावलांपाशी बुडवा, अंग वळवा, कमरेपाशी आलं की उचला."

त्याने मान डोलावली आणि दातओठ खाऊन हातांनीच ओढलं. तोल गेला, होडी उलटली. लेकीने आपल्या कयाकमधूनच त्याला ओढून परत होडीत बसवलं, पण त्या ओढाताणीत तिचा खांदा निखळला. चेहरा पांढराफटक पडला, तोंड मात्र चालूच होतं.

या गडबडीत नदीच्या प्रवाहाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. काठावरचा लोखंडी खांब मघाशी शेजारी होता, आता बराच वर राहिला होता. वरच्या धरणातून पाणी सोडलं असावं. कुणी वल्हवत नसताना दोन्ही होड्या गुपचूप खाली चालल्या होत्या. खाली बंधारा होता. सकाळी त्याचा आवाजही नव्हता. आता बोलायचं तर आवाज चढवावा लागत होता.

तिने होड्या एकमेकींना जोडायला दोरी फेकली. "एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारा. शिकवलीय ना?"

तिचा हात कामातून गेलेला, म्हणून दोन्ही टोकं त्यानेच बांधली. घाईत हातांनी तीस वर्षांची सवय उरकली: तीन वेढे, वर गाठ, गाठीवर गाठ.

तो काठाकडे वल्हवू लागला. काठ काही जवळ येईना.

"बाबा, सोडा मला. एकटे असलात तर पोचाल."

"सुटायची नाही ती," तो म्हणाला. "मी बांधलीय."

जन्मात पहिल्यांदा चुकीच्या कामाचं त्याला बरं वाटलं.

गारठ्याने बोटं बधिर झाली आणि मूठ आपोआप सैलावली. मग अंग वळू लागलं. होडी पहिल्यांदाच त्याचं ऐकत होती.

"खांदे पाडा!" मागून लेक ओरडली. "पाणी काय उडवताय? उशिरा उचलताय, बाबा, किती वेळा सांगू!"

तिच्या ओरडण्याने त्याला धीर येत होता. ती ओरडतेय म्हणजे अजून वेळ आहे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. मागे वळून बघायची त्याची छाती नव्हती. तिला मात्र मान वळवली की बंधारा दिसत होता.

"अंतर वाढतंय ना गं?" त्याने ओरडून विचारलं.

तिने मान वळवून बंधाऱ्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा विचारलं.

"छान मारताय, बाबा," ती म्हणाली. "अगदी छान."

तीन रविवारांत पहिल्यांदाच तिने चूक काढली नव्हती. त्याने पातं पावलांपाशी बुडवलं, अंग वळवलं, आणि पुन्हा काही विचारलं नाही.