बटण फिरवणारं घर

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. रंगाने पिवळट, पोटाने मोठा आणि स्वभावाने गोंधळलेला. थंड डोक्याच्या वस्तूने गोंधळावं कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्या घरात चार दिवस राहून बघा, म्हणजे कळेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, नळ्या जोडल्या, रंग चढवला. शेवटी तपासनिसाने माझं दार उघडून लावलं आणि तो म्हणाला, "दार झकास बसतंय." त्या शाबासकीवर मी अजून जगतो आहे. या घरात आलो तेव्हा शेजारीपाजारी मला बघायला आले होते. काकांनी माझ्या डोक्यावर फुलदाणी ठेवली होती. आता तिथे मोडकी छत्री आहे, जुनी वर्तमानपत्रं आहेत आणि कुलपं हरवलेल्या किल्ल्यांचा डबा आहे.

माझ्या पोटात, वरच्या कप्प्याशेजारी एक गोल बटण होतं. त्यावर एकपासून सातपर्यंत आकडे. सगळा घोळ त्या आकड्यांनी घातला. बाबांचं म्हणणं, आकडा मोठा तेवढी थंडी जास्त. आईचं म्हणणं नेमकं उलट. "ताप मोजताना आकडा चढला की अंग गरम असतं ना? मग इथेच कसं उलटं होईल?" ती विचारायची. काकांना भांडणं आवडत नसत, म्हणून ते येता-जाता बटण चारवर आणून ठेवायचे. मी कोणाचं ऐकावं? बाबांनी सातवर नेलं की मी कुडकुडण्याची तयारी करायचो. तेवढ्यात आई एकवर आणायची. मी आपला प्रामाणिकपणे सगळ्यांचं ऐकत आलो. निदान मला तसं वाटत होतं.

घरातल्या ताईने आजवर दोन नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. "हिचं पुढे कसं व्हायचं?" हा प्रश्न रोज जेवताना वाढला जायचा. ताई मान खाली घालून जेवायची. तिचं मन एकाच गोष्टीत रमायचं, गोड पदार्थ करण्यात. कोपऱ्यावरच्या गोड पदार्थांच्या दुकानात जागा निघाली आणि तिथल्या बाईंनी तिला सांगितलं, "उन्हाळ्यासाठी काहीतरी थंडगार कर. मी तुझ्या घरी येऊन खाईन. मला पदार्थाबरोबर तुझं स्वयंपाकघरही बघायचंय."

ताईने चॉकलेट आणि फळांचा गारेगार केक करायचा ठरवला. भट्टी नाही, सगळी भिस्त माझ्यावर. बाई यायच्या आदल्या दिवशी तिने करून पाहिला. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून, कड सुटी होणाऱ्या गोल डब्याच्या तळाशी दाबला. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाडगा ठेवून चॉकलेट वितळवलं. घट्ट चॉकलेट आधी पातळ करायचं आणि मग ते घट्ट व्हावं म्हणून माझ्याकडे सोपवायचं, हे मला आजही समजलेलं नाही. होतं तसंच ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? मग त्यात फेटलेली साय हलक्या हाताने मिसळली, मध्ये आंब्याच्या आणि स्ट्रॉबेरीच्या फोडी लावल्या, वर पुन्हा चॉकलेट ओतलं.

संध्याकाळी तिने डब्याची कड सोडवली आणि चॉकलेट ओट्यावरून चालायला लागलं. फोडी त्याच्या मागोमाग निघाल्या. ताई मटकन खाली बसली आणि रडली. बाबांनी माझ्या कुशीवर थाप मारली. "या धेंडाला भंगारात द्या आता!" मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. मी सातवर चाललो होतो, एकवर चाललो होतो, चारवरही चाललो होतो. यापेक्षा जास्त कोणी काय करायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताईने पुन्हा केक रचून माझ्यात ठेवला आणि ती भांडी घासायला वळली. झालं! पोरीचं भलं व्हावं म्हणून सगळं घर कामाला लागलं. बाबा हळूच आले, दार उघडून बटण सातवर नेलं. ते जाताच आईने एकवर आणलं. काकांनी चारवर. ताईच्या धाकट्या बहिणीला बटणाशी काही देणंघेणं नव्हतं. केक घट्ट झाला का, हे ती बोट खुपसून बघत होती. बाहेर उन्हाचा वणवा. प्रत्येक वेळी दार उघडलं की गरम वारा माझ्या पोटात शिरायचा. मला दरदरून घाम फुटला.

शेवटी आई आणि बाबा एकदमच आले.

"अहो, तुम्ही परत सातवर नेलंत?"

"मग काय! तू केक उकळायला ठेवलास की काय?"

दोघांनी बटण धरलं, ओढाओढ झाली आणि बटण हातात आलं. काका बॅटरी घेऊन धावले. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि बराच वेळ ते बाहेर येईनात.

"यातली दांडी तर कधीच तुटलीये," ते म्हणाले. "तुटल्या जागी गंजाचे पापुद्रे आलेत. बटण नुसतंच फिरत होतं."

"म्हणजे इतकी वर्षं आपण भांडलो ते..." आई म्हणाली.

"भांडण खरं होतं," बाबा म्हणाले. "बटण तेवढं खोटं होतं."

आणि मी? मी आजवर ज्यांची आज्ञा पाळत आलो, त्यांची आज्ञा माझ्यापर्यंत पोचतच नव्हती! मग मी कोणाचं ऐकत होतो? माझं डोकं गरगरायला लागलं.

ताईने डबा हलवून पाहिला. केक अजून लपलपत होता. तिने चौघांकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "बटण फिरवायला दार उघडावं लागतं ना? गार वारा सगळा तिथूनच जातोय. मला मदत करायचीये ना तुम्हाला? मग आता कोणी काही करू नका."

"अगं, पण मग आम्ही करायचं काय?" आईने विचारलं.

"बसा."

तिने कोमट पाण्याच्या फडक्याने माझ्या दाराची रबरी पट्टी पुसली. वर्षानुवर्षांचा चिकटा निघाला. मग दार लावून वरून सुतळी बांधली. दार झकास बसलं. बाहेर खुर्च्या करकरत होत्या, कोणी उठायचं आणि पुन्हा बसायचं. आत मी आणि केक, दोघेच. इतकी शांतता मला कधी मिळालीच नव्हती. मी जीव तोडून काम केलं.

संध्याकाळी बाई आल्या. ताईने सुतळी सोडली, डबा काढून दार चटकन लावलं. मग देवाचं नाव घेत डब्याची कड सोडवली. केक जागचा हलला नाही. बाईंनी एक तुकडा खाल्ला. दुसरा घेतला. मग उठून माझ्याकडे आल्या. "कुठे गार करायला ठेवला होतास, बघू," म्हणत त्यांनी माझ्या दाराला हात घातला.

"दार उघडू नका!" अख्खं घर एका सुरात ओरडलं. ताईसुद्धा.

बाई दचकल्या. ताईचा चेहरा उतरला. आता ही नोकरीही गेली, असं मलाही वाटलं. पण बाई हसायला लागल्या, आणि हसता हसता खुर्चीत बसल्या. "आमच्या दुकानात सगळे दिवसभर दारं उघडून बघत बसतात, जमलं का, जमलं का," त्या म्हणाल्या. "तू उद्यापासून ये. आल्या आल्या आधी त्यांच्यावर असंच ओरड."

त्या दिवसापासून ताई रोज कामावर जाते. माझ्या डोक्यावरची छत्री गेली, पट्टी दर आठवड्याला पुसली जाते आणि भंगाराचा विषय निघत नाही. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंचं मागणं फार नसतं. जरा पुसा, दार नीट लावा, आणि मग आम्हाला आमचं काम करू द्या. माणसांचंही तसंच असेल का? मला नक्की सांगता येणार नाही, मी गोंधळलेला फ्रीज आहे. पण ताई घरी यायच्या वेळी आई अजून माझ्यापाशी येते, जुन्या सवयीने दाराला हात लावते आणि न उघडताच परत जाते.