भोवऱ्याचं विरजण

मी नववीत गेले आणि मला एकदम सगळंच यायला लागलं. हे माझं मत. आत्याचं मत वेगळं होतं, पण आत्या काही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिली आलेली नव्हती. मी आले होते. विषय: घोड्यांसाठी घरगुती प्रसाधनं. परीक्षकबाईंनी माझा फवारा स्वतःच्या केसांवर मारून बघितला आणि बाटली परत द्यायला विसरल्या, यातच काय ते आलं.

आत्याच्या तबेल्यात घोडे पाच. शेजारी पेंढ्याची आणि खाद्याची खोली, तिथल्या शेगडीवर सुट्टीच्या दिवशी माझा कारखाना चालायचा. खोबरेल, ग्लिसरीन आणि पाणी घालून आयाळीचा गुंता सोडवायचा फवारा. व्हिनेगरचा माश्या पळवायचा फवारा. आणि खुरांचं मलम. मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी, त्यात छोटं पातेलं, त्यात मेण, जवसाचं तेल आणि चमचाभर डांबर. हा वास कपड्यांना लागला की वर्गात माझ्या बाकावर ऐसपैस जागा मिळते.

फवारे माझे, पण मलम आत्याचं, आणि त्याचे तिचे दोन नियम. प्रत्येक घोड्याची बरणी वेगळी. नवं मलम निवत आलं की त्यात त्याच घोड्याच्या जुन्या मलमाचा एक चमचा घालायचा, दह्यासाठी दुधात घालतात तसा. आत्या त्याला विरजणच म्हणायची. दुसरा नियम, बरणी आधी घोड्याच्या नाकाशी धरायची. तो फुरफुरला की मगच लावायचं.

"आणि नाही फुरफुरला तर?" मी विचारलं होतं.

"तर त्याला नकोय. तुझ्या तोंडाला कुणी न विचारता पावडर थापली तर चालेल का गं तुला?"

घोडा गेला की त्याची बरणीही त्याच्यासोबत पुरायची. पाच घोडे, पाच बरण्या. फळीवर मात्र सहा होत्या. मी गणितात एवढी हुशार, तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या शनिवारी दुपारी माझ्या अंगात स्वच्छता संचारली. टिकलीची बरणी मी उकळत्या पाण्याने अशी लख्ख धुतली की तोंड दिसावं. टिकली म्हणजे माझी लाडकी काळी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. बरणी उन्हात पालथी घातली आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: विरजण काढून ठेवलंच नव्हतं.

आत्याला सांगणं म्हणजे तासभर उद्धार. शेगडीवर मलम तयार. मी फळीवर हात घातला, तर सगळ्यात मागे, भिंतीला टेकून एक बरणी. झाकणावर काही खूण नाही, तळाशी सुपारीएवढा तपकिरी गोळा. मेण ते मेण, तेल ते तेल, असा शास्त्रीय विचार करून मी चमचाभर खरवडलं आणि टाकलं.

टिकलीच्या नाकाशी बरणी धरली. तिने श्वासच रोखला. कान मागे पाडून ती माझ्या खांद्यामागे बघत राहिली, जणू तिथे कुणी उभं होतं. मी वळून पाहिलं. भिंतीला टांगलेलं दावं तेवढं हलत होतं.

"अगं फुरफुर ना बाई!"

नाहीच. मग मी आपली तिच्या वतीने, ओठ थरथरवत, झकास फुरफुरले. टिकली दचकली. मी चारी खुरांना मलम चोपडलं आणि बोटांना उरलेलं माझ्या भेगाळलेल्या टाचांना पुसलं. वाया का घालवा?

रविवारी सकाळी टिकलीला चरायला नेलं. फाटकातून उजवीकडे वळलं की कुरण, ती डोळे मिटूनही जाते. त्या दिवशी ती डावीकडे वळली. डावीकडे फक्त दगडाची जुनी खाण आहे, पाण्याने भरलेली. मी दोर धरून लोंबकळले तेव्हा कुठे ती थांबली.

नंतर नालबंद काका आले. काका टिकलीचा पाय मांडीवर घेऊन बसले आणि त्यांची बडबड बंद झाली. हे एरवी जेवतानाही होत नाही.

"पाण्यात उभी केली होतीस का हिला?"

"नाही. का?"

नालेच्या कडेने पाणी झिरपत होतं. अंगण कोरडं ठणठणीत. काकांनी पाय खाली सोडला, तसा टिकलीने पुढच्या डाव्या पायाने जमिनीवर तीनदा टकटक केलं आणि मान झटकली. हे तिने कधीच केलेलं नव्हतं.

आत्या दारात उभी होती. तिच्या हातातली बादली पडली.

"भोवऱ्याची खोड," काका हळूच म्हणाले.

"काहीतरीच बोलू नका," आत्या म्हणाली आणि लंगडत आत निघून गेली. ती डाव्या पायाने लंगडते. घोड्यावरून पडली होती एवढंच मला ठाऊक होतं. त्या घोड्याचं नाव मला त्या दिवशी काकांनी सांगितलं. भोवरा आत्याला घेऊन खाणीत उतरला होता. आत्या वर आली. तो आलाच नाही, आणि सापडलाही नाही.

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एवढी हुशार मुलगी चूक कबूल कशी करणार?

सोमवारी शाळेतून आले तर टिकलीचं ठाण रिकामं. कडी लावलेली, तशीच. जमिनीवर ओल्या खुरांचे ठसे, दारातून फाटकाकडे. आत्या आणि मी धावत सुटलो. टिकली खाणीच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत होती आणि पाऊल पाऊल पुढे चालली होती, अगदी शहाण्यासारखी, कुणीतरी दोर धरून नेतंय अशी.

"विरजण कुठलं घातलंस?" आत्याने माझा दंड धरला. "खरं सांग!"

"मागच्या बरणीतलं. खूण नसलेल्या."

"तो सापडलाच नाही गं! कुठे पुरू ती बरणी, सांग ना!"

पाणी टिकलीच्या पोटाला लागलं. माझ्या दप्तरात फवाऱ्याची बाटली होती, मैत्रिणीला द्यायची म्हणून नेलेली. हा फवारा माझा होता, त्यात कुणाचं विरजण नव्हतं. रोज सकाळी खरारा झाला की मी तो टिकलीच्या आयाळीवर मारते आणि ती मान खाली घालून उभी राहते. मी पाण्यात शिरले आणि हवेत मारत सुटले. फुस्स. फुस्स.

"टिकले, इकडे ये गं राणी! वेणी घालायची ना?"

ती थांबली. तिच्या पुढचं पाणी मात्र थांबलं नाही, कुणीतरी तसंच चालत राहिल्यासारखं दुभंगत गेलं. मग टिकली जोरात फुरफुरली, आणि वळली.

मी पळत जाऊन तबेल्यातून व्हिनेगर आणलं. आम्ही काठावरच तिचे खूर त्याने घासले, घरी आणून गरम पाण्याने पुन्हा घासले. आत्याने ती बरणी खाणीत नेऊन रिकामी केली. गोळा थोडा वेळ तरंगला. मग खालून कुणीतरी ओठांनी अलगद उचलावा तसा गेला.

"आणखी कुठे लावलंस?" आत्याने विचारलं.

"कुठेच नाही."

टाचांचं खरंच विसरले होते. मंगळवारी सकाळी आठवलं, फाटकाशी. शाळा उजवीकडे आहे. मी डावीकडे दहा पावलं गेले होते, आणि माझे मोजे ओले होते.

मी रडत परत आले आणि आत्याला सगळं सांगितलं, फुरफुरल्याचंसुद्धा. ती ओरडली नाही. तिने माझ्या टाचा व्हिनेगरने आणि दगडाने लाल होईस्तोवर घासल्या. भेगांमधली तपकिरी रेघ गेली नाही.

"टिकलीच्या वतीने तूच हो म्हणालीस ना," ती एवढंच म्हणाली.

टिकली आता छान उजवीकडे वळते. मला मात्र आत्या रोज शाळेपर्यंत सोडायला येते. मैत्रिणी चिडवतात, नववीत आहेस की बालवाडीत? आत्या लंगडत माझ्या डाव्या बाजूने चालते. घोड्याला नेताना माणसाने डावीकडेच राहायचं असतं, हे तिनेच मला शिकवलंय. फाटक आलं की ती माझी वेणी मुठीत घट्ट धरते, आणि कुरणाच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत सोडत नाही.