महाराजांच्या कमरेखालची गादी

लातूर जिल्हा झाला आणि विरूपाक्षच्या चालण्यात फरक पडला. दुकान तेच, गल्ली तीच, दुष्काळानं नळाचं पाणी तर पार आटलेलं. पण गडी प्रत्येक गोष्टीला "जिल्ह्याला शोभलं पाहिजे" म्हणायला लागला. शिवनाम सप्ताहासाठी नागप्पा महाराज त्याच्या घरी उतरणार असं ठरलं, त्याच दिवशी त्यानं गोलाईच्या बाजारातल्या नव्या दुकानातून फोमची गादी उचलून आणली.

"आवो, महाराज सतरंजीवर निजतेत," बायको नीलम्मा म्हणाली.

"ते खेड्यापाड्यात! हितं कलेक्टर ऱ्हातोय."

नागप्पा महाराजांचं कीर्तन म्हणजे नीलम्माचा जीव. त्यांनी टाळ वाजवत पहिलं शिवनाम घेतलं की तिला चुलीचा, पाण्याचा, सासूचासुद्धा विसर पडायचा. त्यांना आपल्याच घरी उतरवायचं म्हणून ती सगळ्या गल्लीशी गोड बोलून भांडली होती. गल्लीनं महाराज सोडले, पण सेवा कशी सोडावी? चांगुणाबाईनं सावरीच्या कापसाची मऊमऊ गादी पाठवली. बसवराज सराफानं लेकीच्या रुखवतातली काढून दिली. भामाबाईची तर डोक्यावरून वाजतगाजतच आली. नको कुणाला म्हणायचं? ज्याची नाकारावी तो जन्माचा रुसणार. शेवटी साऱ्या गाद्या फोमवर एकावर एक रचल्या. महाराज भोळे सांब. "शिव शिव" म्हणत ते गाद्यांवर चढले. निजले म्हणवत नाही, चढलेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते उतरेचनात. कंबर धरली होती. विरूपाक्षनं आणि मृदंगवाल्यानं दोन्ही काखांत हात घालून त्यांना उभं केलं. त्या दिवशी कीर्तन बसून झालं. मांडवात बायका कुजबुजल्या, "नीलम्माच्या घरी गेले अन् कंबर घालवून बसले, बया!"

महाराज म्हणाले, "समाप्तीला मी बसून न्हाई बोलणार माय. देवापुढं उभंच ऱ्हायाचं. जमलं न्हाई तर वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घाला."

 नीलम्मा तडक समोरच्या चाळीत पंचशीलाकडं गेली. पंचशीला सरकारी दवाखान्यात नर्स. नव्या जिल्ह्याबरोबर नांदेडाहून बदलून आलेली; टँकरच्या रांगेत दोघींची ओळख झालेली. तिनं येऊन महाराजांची कंबर दाबून पाहिली, मग गाद्यांचा ढीग पाहिला आणि तोंडाला पदर लावून हसली.

"वहिनी, माणूस निजवून राहिलात का लोणच्याला फोडी दाबून राहिलात?"

"हसू नका ताई. कोणती ठेवू, तेवढं सांगा."

"उताणं पडायचं अन् कमरेखाली हात सारून बघायचा. हात शिरतच न्हाई, तर गादी लई मऊ. नुसताच आरपार जातोय, तर लई कडक. जरा अडून, अंग घासून गेला, की ती आपली."

दुसऱ्या दिवशी महाराज सकाळच्या पारायणाला गेले तशी नीलम्मानं दाराला कडी घातली आणि एकेका गादीवर पडून पाहिलं. टँकरवरून घागरी वाहून तिची कंबर अशी दुखत होती, की खोटं बोलणं त्या कमरेला शक्यच नव्हतं. सावरीत हात शिरेना. फोम आधी गोड लागला, मग खड्ड्यासारखा खचला आणि पाठीला घाम सुटला. रुखवताच्या गादीत कापसाचे गोळे झालेले, भामाबाईची एका अंगाला कललेली. नुसती फरशी म्हणावी, तर हात सरळ पलीकडं.

संध्याकाळी पंचशीलानं आपली स्वतःची गादी आणून टाकली. काथ्याची, पाटासारखी सपाट. वर पातळ गोधडी अंथरली. नीलम्मा पडली, हात सारला. अडला आणि गेला. कमरेनं सुटकेचा श्वास सोडला म्हणा ना.

दारात सासू, शरणम्मा, उभी होती. "ही कुणाची?"

"पंचशीलाताईची, अत्ती."

म्हातारीनं गादीकडं पाहिलं, पंचशीलाकडं पाहिलं. जे म्हणायचं ते तिच्या ओठाशी आलं होतं. नीलम्माला ते दिसत होतं. पंचशीलालाही दिसत होतं. तिचा हसरा चेहरा विझला आणि तिनं गोधडीची घडी घालायला घेतली.

नीलम्मानं गोधडीचं दुसरं टोक धरून ठेवलं. "अत्ती, महाराज कीर्तनात रोज सांगतेत, शिवाच्या शरणाला जात नसती. तुमी पुढं बसून मान डोलावता."

"मी कुठं काय म्हणले? कडक दिसती, एवढंच. सरा तिकडं, बघू तर."

खोड काढायला म्हणून म्हातारी आडवी झाली. कमरेखाली हात सारला. "हं," म्हणाली. मग डोळे मिटले. दोघी वाकून बघतात तर शरणम्मा घोरत होती, हात तसाच कमरेखाली.

जागी झाली तेव्हा डोळे चोळत तिनं विचारलं, "नर्सबाई, तू कशावर निजशील?"

"सतरंजी हाय की, मावशी."

"गप. ती फोमची घेऊन जा. जिल्ह्याला शोभंल."

दारात आलेल्या विरूपाक्षनं हे ऐकलं. आईकडं बघून दुकानाला गेला.

समाप्तीच्या दिवशी मांडव गच्च भरला. शरणम्मानं पंचशीलाला हाताला धरून आपल्याजवळ बसवलं. भामाबाईनं भुवया उंचावल्या. म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "हिच्याच गादीवर निजले महाराज. कुणाला काही इच्यारायचं हाय का?" भामाबाईच्या भुवया खाली आल्या.

महाराज उभे राहिले. नीलम्माची नजर त्यांच्या तोंडाकडं नव्हतीच, कमरेकडं होती. नमन झालं, नाम झालं, तिला एक अक्षर कळलं नाही. मग महाराज समोरच्या तान्ह्या लेकराला विभूती लावायला खाली वाकले आणि कमरेला हात न लावता तसेच सरळ उभे राहिले.

तेव्हा कुठं नीलम्माच्या कानांत टाळ शिरला.