फणसापर्यंतचा पट्टा

धूर सगळ्यांत आधी रक्षाला दिसायचा, आणि वाडीला आता त्याचं कौतुक उरलं नव्हतं. कुणाच्या चुलीत ओलं लाकूड सारलेलं असो की गोठ्यात डासांसाठी शेणी पेटवलेली असो, हिची मान लगेच वर. खानापूरकडून लग्न होऊन कर्नाटकाच्या रानातल्या, दिग्गीच्या अलीकडच्या या सात घरांच्या वाडीत येऊन तिला चार वर्षं झाली होती. बी.एस्सी. झालेली सून. नवरा अक्षय गोव्यात कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा यायचा. घरात सासरे येसाजी, सासू शकुंतला आणि अडीच वर्षांची नेत्रा. नेत्राची छाती धुरानं भरायची. एकदा भरली की बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची, आणि रक्षाचा स्वतःचा श्वास तिथंच थांबायचा. दवाखाना लांब. बस दिवसातून एक, तीही आली तर. म्हणून दुसऱ्या बायका सिरियल बघतात तसं ती आकाश बघायची.

या आकाश बघण्यातूनच तिनं जानेवारीत एक काम करून ठेवलं होतं.

वाडीची रीत अशी, की थंडीत दव पडायला लागलं की घरांमागच्या रानाच्या कडेनं पाचोळा ओढून एक लांब पट्टा करायचा आणि सकाळी, पानं अजून ओलसर असताना, तो सावकाश जाळायचा. आग गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाही. माणसं जांभळीचे हिरवे डहाळे घेऊन दोन्ही बाजूंनी चालतात. पुढं उन्हाळ्यात डोंगर पेटलाच, तर त्या काळ्या पट्ट्यावर आगीला खायला काही मिळत नाही. रक्षाला हे कुणी समजावून सांगितलं नव्हतं. श्वास कसा घ्यायचा हे तरी कोण कुणाला समजावतं? तिला एवढंच दिसलं, की घरामागं धूर आहे आणि नेत्रा खोकतेय. त्यात कुळगीला वनखात्याच्या शिबिरात 'वणवा आणि आपली जबाबदारी' यावर भाषण करून तिनं बक्षीस मिळवलेलं. ती खडकावर चढली, रेंज धरली आणि जंगलाच्या गार्डला फोन लावला. नाव सांगितलं नाही; नंबर मात्र तिकडं दिसलाच.

नागराज गार्ड दोन तासांत आला. तोवर पट्टा झऱ्यापासून फणसापर्यंत जळला होता. फणसापासून येसाजींच्या घरापर्यंतचा राहिला. थंडीत एरवी नागराज या बाजूला फिरकतच नसे, त्यात त्याचा शहाणपणा होता. पण रानात जाळायला कायद्यानं बंदी, आणि तक्रार आली म्हटल्यावर त्याला लिहावं लागलं. त्यानं जाळणं थांबवलं, लिहिलं, सह्या घेतल्या आणि गेला.

तेव्हापासून शकुंतलाबाई रोज जेवताना त्या फोन करणाऱ्याचा उद्धार करायच्या.

"कुणाच्या पोटात दुखलं असंल गो? ज्यानं क्येलं त्याच्या हाताला रातांधळं येऊ दे!"

"हाताला कसं येईल, आत्ती?" रक्षा भात वाढत म्हणायची.

"मी म्हटलं म्हंजे येतंय. आमटी घाल."

रक्षा आमटी घालायची.

मार्च उजाडला आणि दिग्गीच्या वरच्या डोंगराला आग लागली. कुणी लावली, कशी लागली, यावर वाडीत सात घरांची आठ मतं होती. पहिले दोन दिवस सगळे संध्याकाळी चहाचे पेले घेऊन अंगणात बसायचे आणि समोरच्या डोंगरावरची लाल रेघ कुठवर आली ते बघायचे. शेजारची देवकीकाकू तर खुर्ची घेऊन यायची.

"कालच्यापेक्षा आज बारीक हाय."

"बारीक कुठली? त्या बाजूला वळलीय नुसती."

"मधी वड्डा हाय. वड्डा वलांडून येतीय व्हय?"

"काकू, ओढ्यात पाणी नाहीय," रक्षा म्हणायची.

"पाणी न्हाई, पन वड्डा हाय न्हवं?"

रक्षानं दोन दिवसांत नागराजला सहा वेळा फोन केला. पाच वेळा लागला नाही. सहाव्या वेळी तो धापा टाकत म्हणाला, "अक्का, आमी सगळे कुळगीकडं हाय. तिकडं मोठी लागलीय. तुमची बारकी हाय." आगीला धाकली-थोरली करून त्यानं फोन ठेवला. रक्षानं पिशवी भरली. नेत्राचा श्वासाचा पंप, औषधं, रेशन कार्ड, आधार, दोन फ्रॉक.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारं फिरलं. बारकी आग ओढ्यातला सुका पाचोळा खात अलीकडं आली आणि उतारावरून वाडीकडं सरळ चालायला लागली. बांबू फटाक्यांसारखे फुटत होते. शकुंतलाबाईंनी नेत्राला कडेवर घेतलं, ओलं फडकं तिच्या नाकावर धरलं आणि खालच्या कापलेल्या शेतात जाऊन उभ्या राहिल्या. तिथं जळण्यासारखं काही नव्हतं. बाकी सगळे डहाळे तोडून घरांमागं धावले.

आग झऱ्याच्या बाजूनं पट्ट्यापर्यंत आली आणि थांबली. पुढं यायला तिला काही नव्हतंच. वाडीनं एकदम सुस्कारा सोडला. मग आग पट्ट्याच्या कडेकडेनं, वाट शोधणाऱ्या गुरासारखी, फणसाकडं सरकू लागली. फणसानंतर पट्टा नव्हता. फणसानंतर गुडघाभर पाचोळा होता, आणि त्याच्या शेवटी येसाजींचं घर.

तेवढ्यात नागराज मोटरसायकलवरून आला. एकटाच. तोंड काळं, डोळे सुजलेले. तीन रात्री झोपला नसावा.

येसाजी बोलायला हळू माणूस. ते म्हणाले, "साहेब, डहाळ्यानं ही ऐकणार न्हाई. घराकडनं उलटी आग लावाय पायजे. दोगी एकमेकींस्नी खातील."

"बरोबर हाय, मामा," नागराज म्हणाला. "पन इथं जानेवारीची तक्रार अजून उघडी हाय. ह्याच जागेवर जाळतात म्हणून. उघड्या तक्रारीवर माझ्यासमोर काडी वडली, तर पयली माझी नोकरी जातीय. साहेबांचा फोन लागंना."

"घर जातंय न्हवं!" देवकीकाकू ओरडली.

"तक्रार मागं घेतली, तर मी बघून न बघितल्यावानी करतो. नेहमीसारखं." नागराजनं टोपी काढून घाम पुसला. "पन ज्यानं दिली त्यानंच मागं घ्याय पायजे. नाव सांगायचं न्हाई असा आमाला नियम हाय." आणि तो फणसाच्या शेंड्याकडं एकटक बघत राहिला. सगळी माणसं आसपास असताना फक्त एका माणसाकडं अजिबात बघायचं नाही, हे काम त्यानं इतकं मन लावून केलं, की देवकीकाकूनं सावकाश मान वळवून नेमकं त्याच माणसाकडं बघितलं.

रक्षाच्या हातातला डहाळा खाली गेला. मागं शेतात नेत्रा खोकली. तो खोकला तिनं मोजला. एक, दोन, मग ओढ. घर गेलं तर पंपाची पिशवी उरेल, पण पिशवी घेऊन जायचं कुठं? आणि बोललं तर ज्या घरासाठी बोलायचं त्या घरात तोंड कसं दाखवायचं?

"मी केला होता फोन," ती म्हणाली. आगीचा आवाज मोठा होता, म्हणून पुन्हा, ओरडून म्हणावं लागलं. "फोन मी केला होता! मागं घेते!"

पहिल्यांदा कुणाला ऐकू आलं नसतं तरी चाललं असतं. दुसऱ्यांदा ते खाली शेतापर्यंत गेलं.

नागराजनं झटकन वही काढली. "अर्ज लिवा."

"आता?"

"दोन वळी. कन्नडात."

"मी मराठी शाळेत शिकलेय हो!"

"लिही गो मराठीत!" देवकीकाकू किंचाळली. "आग काय भाषा बघून येतीया?"

रक्षानं मोटरसायकलच्या सीटवर वही ठेवून लिहिलं. 'महोदय' लिहिलं, 'विषय' लिहून त्याखाली रेघ मारली. सवय. येसाजी तिच्या खांद्यामागं सुक्या गवताचा पेंडका घेऊन उभे होते आणि आगीकडं नाही, वहीकडं बघत होते. सही झाली तशी नागराज वळला, पाठ करून उभा राहिला आणि शांतपणे शर्टची बटणं मोजू लागला.

येसाजींनी पेंडका पेटवला, पण लगेच लावला नाही.

"मामा, लावा की!" रक्षा ओरडली.

"थांब. तिला वारं वडू दे."

ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ती धुराकडं बघत कुणालाही न बोलावता थांबली. मग गालावरचं वारं फिरलेलं तिला कळलं. ते आता घराकडून आगीकडं जात होतं. "हां," येसाजी म्हणाले आणि कडेनं चालत काठी टेकल्यासारखा पेंडका टेकवत गेले. धाकटी आग थोरलीकडं धावली. दोघींची एक उंच लाट उठली, फणसाची अर्धी बाजू करपली, गोठ्यामागची पेंढ्याची गंजी गेली. आणि मग दोघी तशाच बसल्या. घर उभं राहिलं.

नागराजनं वही मिटली. "कागदावर आता तक्रार न्हाई, जाळणं न्हाई. आज इथं कायबी घडलं न्हाई." तो पुन्हा कुळगीकडं गेला.

शकुंतलाबाई शेतातून वर आल्या. नेत्रा कडेवर, पंप देऊन झाला होता. श्वास बारीक शिट्टी वाजवत होता, पण चालला होता. त्यांनी गंजीच्या राखेकडं बघितलं, घराकडं बघितलं. सुनेकडं बघितलं नाही.

"आत्ती," रक्षा म्हणाली.

"पोरगी धर. हात मोडलं माझं."

रक्षानं नेत्राला घेतलं. शकुंतलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं; ते पुसून आणखी काळं झालं.

"बुंधं धुमसत्यात अजून," त्या म्हणाल्या. "अंधार पडूस्तोवर कुणीतरी बघाय पायजे. तूच बस. तुला दिसतंय लवकर."

"बसते."

"आनि धूर दिसला तर पयलं कुणाला सांगशील?"

"मामांना."

शकुंतलाबाई दोन पावलं गेल्या, थांबल्या.

"ते झोपल्यात तर?"

"तर उठवीन."

"हं," त्या म्हणाल्या, आणि खात्री नसल्यासारखं त्यांनी तिथंच फणसाखाली, सुनेपासून हातभर लांब, बसकण मारली.