घरी ठेवून आलेला खोकला

“यावर तुमचा विश्वास बसणार नाही,” आजोबांनी लाकडी स्टूल इस्त्रीच्या टेबलाशी ओढलं आणि हातमोजे काढून दोन्ही तळवे टेबलाच्या गरम कडेला टेकवले. “माझाही बसला नसता. पण मी तिथे होतो.”

“तुम्ही कुठे नव्हतात तेवढं सांगा,” मास्तर म्हणाले. “म्हणजे लवकर आटपेल.”

पोस्टमन हसला. त्याने थैली पायाशी ठेवून भिंतीला पाठ टेकली होती. थंडी सुरू झाल्यापासून त्याची फेरी अशी काही फिरायची, की दुपारी बाराला तो नेमका या लॉन्ड्रीत पोचायचा. मास्तरांना तर निमित्तही लागत नसे. भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस एकच सदरा आठवड्यातून तीनदा इस्त्रीला आणतो, यात इस्त्रीवाल्या बाईंनाही आता काही वाटत नव्हतं. सगळ्या रस्त्यावर ऊब होती ती इथेच. काचा आतून घामेजलेल्या, वर दोऱ्यांवर कपडे, आणि मागच्या बाजूला ओळीने लटकवलेल्या ओल्या चादरी. त्यांच्या पलीकडे बंब धुमसत असायचा.

आजोबा हे आजोबा झाले याच हिवाळ्यात. त्याआधी सगळे त्यांना लिफ्टमन म्हणत. एका सहा मजली कचेरीत त्यांनी छत्तीस वर्षं लिफ्ट चालवली होती आणि तेवढी वर्षं थापा मारल्या होत्या. तळमजल्यावर सुरू केलेली थाप सहाव्यावर संपायची. तिसऱ्या मजल्यावरचे कारकून शेवट ऐकायला सहाव्यापर्यंत जात आणि तीन मजले पायी उतरून कामाला लागत. निदान आजोबा तरी तसं सांगत.

इस्त्रीवाल्या बाईंनी त्यांच्याकडे पाहून भुवया उडवल्या आणि मान चादरींच्या दिशेला हलवली. आजोबांना वाटलं, सांगा सांगा म्हणताहेत.

“काल सकाळी आमच्या बाईसाहेब पालथ्या पडल्या.”

“चार महिन्यांची पोर पालथी पडणारच,” पोस्टमन म्हणाला. “यात विश्वास न बसण्यासारखं काय?”

“पडते हो. तुमच्याआमच्या घरची पडते आणि तिथेच थांबते. ही थांबलीच नाही. पालथी, उताणी, पालथी, उताणी. गादी संपली, सतरंजी लागली. सतरंजी संपली, फरशी लागली. टेबलाखालून गेली, उंबरा ओलांडला...”

“उंबरा कसा ओलांडला?”

“मास्तर, उंबऱ्यालाच विचारा. मी बघत होतो फक्त.”

आजोबा बघत नव्हते. काल सकाळी ते आपल्या खोलीत होते, आणि मधल्या भिंतीला कान लावून उभे होते.

घर दोन खोल्यांचं, दोन्ही खोल्यांना जिन्याकडे आपापलं दार. बाळ यायच्या दोन आठवडे आधी आजोबांना खोकला झाला. साधा नव्हता, पोट धरून खोकायचे, शेजारचे भिंतीवर बुक्की मारायचे. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पाठ तपासली आणि त्यांच्याकडे न बघता मुलाला सांगितलं, “खोकला जाईपर्यंत यांना बाळापासून लांब ठेवा. थंडीचे दिवस आहेत.” मुलाने त्याच दिवशी बाहेरच्या खोलीत खाट टाकली, जुनी शेगडी दुरुस्त करून आणली, आणि मधल्या दाराच्या फटीत कापड कोंबलं. कोणी काही वावगं बोललं नाही. आजोबा स्वतःच म्हणाले, “दार माझ्याकडून बंद करतो. सवयीचं काम आहे.”

बाळ आलं. मुलाने ते दारात धरून दाखवलं. आजोबा खिडकीपाशी, तोंडावर रुमाल. दुपट्यातून त्यांना नाक दिसलं आणि एक मूठ. मग दार लागलं.

त्यानंतरचं सगळं त्यांना भिंतीतून कळलं. रडण्याचे प्रकार त्यांना आठवडाभरात ओळखू येऊ लागले: भुकेचं, ओल्याचं, आणि उगीचचं. महिना झाला तेव्हा पहिला हुंकार ऐकला. हसू ऐकू येत नाही. ते त्यांना सूनबाई आपल्या आईशी फोनवर बोलली तेव्हा कळलं, म्हणजे दोन दिवस शिळं. मान धरली, मुठी चोखायला लागली, दिव्याकडे बघून पाय झाडते, हेही फोनवरूनच. मुलगा पहाटे कामावर जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर भिंतीपलीकडे सूनबाई आणि बाळ, अलीकडे आजोबा आणि शेगडी. एकदा दुपारी बाळ गप्प होतं, आणि तरी पलीकडून रडणं येत होतं. आजोबांनी दारापर्यंत जाऊन हात वर केला होता. मग त्यांना खोकल्याची उबळ आली, आणि ते मागे फिरले.

आणि मग खोकला गेला.

हे झालं बाळाला दोन महिने होत आले तेव्हा. आजोबा सकाळी उठले तर छाती हलकी. दुसऱ्या दिवशीही हलकी. त्यांनी स्वच्छ सदरा घातला, नखं कापली, हात गरम पाण्याने दोनदा धुतले आणि खाटेवर बसून राहिले. सांगायचं काही कारण नव्हतं. भिंत इकडून तिकडे ऐकवते तशी तिकडून इकडेही ऐकवतेच. घरातला एवढा मोठा आवाज बंद झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात येईल.

तीन दिवस ते बसले. त्याच तीन दिवसांत बाळाला लस टोचली होती, तिला कणकण होती, सूनबाईचा डोळ्याला डोळा नव्हता, मुलगा जेवणाचा डबा विसरून गेला होता. हे सगळं आजोबांना ऐकू येत होतं. आपला न येणारा खोकला मात्र कोणाला ऐकू आलेला नाही, हेही त्यांना कळलं.

दार ठोठावून “मी बरा झालो” म्हणायला काय लागतं? दुसऱ्या कोणाला काही लागलं नसतं. पण छत्तीस वर्षं लिफ्टमन असलेल्या माणसाला दार उघडता येतं. उघडून आत पाऊल टाकता येत नाही. मजला आला की दार सरकवायचं, बाजूला व्हायचं, माणसं उतरू द्यायची. कोणाच्या मजल्यावर लिफ्टमनने उतरायचं नसतं. कोणी म्हणालं, “या की, चहा घ्या,” तर गोष्ट वेगळी.

चौथ्या दिवशी सकाळी ते खोकले.

लगेच पलीकडून आवाज आला. “बाबा, कमी नाही का अजून? पाणी गरम करून ठेवू दाराशी?”

“ठेव गं,” आजोबा म्हणाले. “आहे जरा.”

तेव्हापासून ते रोज सकाळी दोनदा आणि संध्याकाळी मुलगा घरात शिरला की एकदा खोकत. त्यात त्यांनी बरीच प्रगती केली. सुरुवातीला नुसता कोरडा होता. मग त्यात थोडी घरघर घातली, शेवटी एक उसासा. खोकला असेपर्यंत दार खोकल्यामुळे बंद होतं. खोकला नाही आणि दार तरीही बंद, असं एकदा होऊन गेलं होतं. ते पुन्हा बघायची त्यांची तयारी नव्हती. आणि खोकलं की सूनबाई दोन शब्द बोलायची, हा फायदा वेगळाच.

दहा वाजले की ते बाहेर पडत, बाजारातून चक्कर टाकून लॉन्ड्रीत येत. खोकला घरी ठेवून. चष्म्याच्या घरासारखा, उशाशी.

“बरं, उंबरा ओलांडला,” मास्तर म्हणाले. “पुढे? समुद्र लागला का?”

“जिना लागला. मी धावत पुढे झालो, जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. म्हटलं, बाईसाहेब, खाली का वर? तर माझ्याकडे बघून हुंकार दिला. तिचा हुंकार म्हणजे तुम्हाला कल्पना नाही. परवा खिडकीत बसून दिला, तर रस्त्यावरची मोटार बाजूला होऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरून म्हणतो, कुठला भोंगा बसवलाय?”

“आणि तुम्ही काय म्हणालात?” पोस्टमनने विचारलं.

“म्हटलं, घरचाच आहे.”

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली आणि आजोबांचाच सदरा टेबलावर पसरला. त्यांनी पुन्हा एकदा चादरींकडे डोळे केले. आजोबांनी मान डोलावली आणि स्टूल आणखी पुढे ओढलं.

“आजोबा, एक विचारू?” बाई जरा मोठ्यानेच म्हणाल्या. “घरात तान्हं मूल असलं की खांद्यावर दुधाचा डाग असतो. धुतला तरी इस्त्री फिरवली की आंबूस वास वर येतो. या रस्त्यावर कोणाकडे बाळ आहे ते मला सांगावं लागत नाही. तुमच्या सदऱ्याला कधीच कसा येत नाही?”

मास्तर आणि पोस्टमन दोघांनी आजोबांकडे पाहिलं.

आजोबांनी स्टुलावर बैठक बदलली. “कारण ती वाया घालवत नाही,” ते म्हणाले. “पोटात गेलेलं दूध परत द्यायचं, हे तिला मान्यच नाही. फार हिशेबी आहे.”

“हे मात्र आजोळचं असणार,” मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या खांद्यावरून हलकेच इस्त्री फिरवली. नुसती गरम कापडाची वाफ आली.

“मग जिन्यावरून पडली का नाही ती?” पोस्टमनला कामावर जायचं होतं.

“पडतेय कसली. मी हात पुढे केले होते ना. बरोबर हातात आली.”

आजोबांनी हात पुढे करून दाखवले. तळवे वर, कोपरं वाकवलेली, डावा हात जरा उंच, डोक्यासाठी. मग त्यांचा आवाज आपोआप खाली आला. थापेला आता मोटारी, भोंगे, जिने काही लागेनात.

“ऊन असते हो,” ते म्हणाले. “एवढीशी, पण शेगडीला लाजवेल. मी तिला खांद्यावर घेतलं. डोकं इथे. मान धरते आता, पण झोप आली की सोडते, मग ते डोकं असं हळूच टेकतं. श्वास इथे मानेला लागतो. मी जरा चाललो. खिडकीपर्यंत गेलो, परत आलो. मग झोपली. मी खाली बसलो नाही. बसलो असतो तर उठली असती.”

“किती वेळ?” मास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजातली चेष्टा कुठे गेली होती.

“मुलगा येईपर्यंत.”

बंबात पाणी खदखदत होतं. आजोबांचे हात अजून तसेच पुढे होते. ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी ते पुन्हा टेबलाच्या कडेला टेकवले.

मागची चादर बाजूला झाली.

सूनबाई उभी होती. एका हातात वाळवलेल्या लंगोटांचं गाठोडं, दुसऱ्या खांद्यावर बाळ, झोपलेलं, तोंड किंचित उघडं. तिच्या केसांना वाफ लागली होती. डोळ्यांखाली काळं होतं.

“यांच्याकडे थंडीत काही वाळत नाही,” बाई कोणाला उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या. “मीच म्हटलं होतं, बंबाशी बस, पोरीला पाज, तोवर देते वाळवून. घरी ठेवायला कोणी नाही म्हणाली.” आणि मग आजोबांकडे बघून, “केव्हाची खुणा करतेय मी तुम्हाला.”

आजोबा स्टुलावरून उठले. एवढ्या जवळून त्यांनी नातीला पाहिलं नव्हतं. तिच्या कपाळावर एक बारीक शीर होती, निळी. भुवया जवळजवळ नव्हत्याच. सूनबाईच्या खांद्यावर, दुपट्याच्या कडेला, दुधाचा ओला डाग होता.

मग त्यांच्या हाताने आपणहून खिशातून रुमाल काढला. ते दोन पावलं मागे सरले, भिंतीला लागले, रुमाल तोंडावर धरला आणि खोकले. उत्तम खोकले. कोरडा, मग घरघर, शेवटी उसासा.

पोस्टमनने घाईने त्यांच्यासाठी पाण्याचा पेला उचलला. मास्तर म्हणाले, “अहो, हे कधीपासून?”

सूनबाईने गाठोडं टेबलावर ठेवलं. तिचा तो हात मोकळा झाला, पण बाळाला तिने लगेच दोन्ही हातांनी धरलं नाही. ती आजोबांकडे बघत राहिली, इतका वेळ की त्यांना पुन्हा खोकायचं सुचेना.

“मी तासभर आत बसले होते, बाबा,” ती म्हणाली. “उंबरा, जिना, मोटार, सगळं खरं धरते मी. हा खोकला तेवढा खोटा आहे.”